डावखुऱ्याची सळई

सोमवार, ९ मार्च १९८७

मार्लीझ, तू म्हणालीस लिहीत जा, म्हणून लिहायला बसलोय. तुझी तक्रार अशी की मी कामावरून घरी आलो आणि तू "कसं गेलं?" विचारलंस, की मी "बरं गेलं" म्हणतो आणि कूस बदलून झोपतो. आता जूनमध्ये ही वही तुझ्या हातात देईन. वाचत बस. मला झोपू दे.

शापेकोहून सकाळची बस धरली, नदी ओलांडली, घाट चढलो आणि दिवेलागणीला इथे उतरलो. झेलिंदाबाईंची शुर्रास्कारिया, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाची खाणावळ, हमरस्त्याला लागूनच आहे. पुढे हॉल, मागे भट्टी, वर राहायच्या खोल्या. हॉलमध्ये सव्वाशे माणसं सहज बसतील आणि जेवत होती अकरा. मी मोजली. अकरांतला एक बसचा ड्रायव्हर.

बाई साठीच्या असतील. बाजारात बैल पारखतात तसं त्यांनी मला पुढून-मागून पाहिलं. आठ वर्षांचा अनुभव, आधीच्या मालकाची चिठ्ठी, काही विचारलं नाही. विचारलं काय, तर बुटाचं माप. एक्केचाळीस म्हटल्यावर आत गेल्या आणि बुटांची जोडी घेऊन आल्या. गुडघ्यापर्यंतचे, अस्सल चामड्याचे. पायात असे बसले की जणू मीच रुळवलेत. ढगळ तुमान आणि गळ्यातला लाल रुमालही मिळाला. कपड्यांचा खर्च वाचला.

करार जूनच्या मध्यापर्यंत. सोळा जून, मंगळवार, सकाळची बस. मुद्दाम लिहून ठेवतो. मागच्या वेळी तू हॉस्पिटलात एकटी होतीस, बाळ गेलं तेव्हाही एकटीच होतीस, आणि मी इकडे दोनशे माणसांना बरगड्या वाढत होतो. तू एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. या वेळी मी असणार.

बुधवार, ११ मार्च

आज पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या हातात पिकान्याची सळई दिली, बैलाच्या पुठ्ठ्याचं चरबीची कड असलेलं, सगळ्यात मानाचं मांस. तुला ठाऊक आहे, या धंद्यात माणूस सॉसेज आणि कोंबडीच्या हृदयांपासून सुरुवात करतो. मग डुकराचं, मग वशिंडाचं, मग बरगड्या, आणि नशीब असेल तर पिकान्या. मला त्या सळईपर्यंत पोचायला सहा वर्षं लागली होती. इथे काही न विचारता हातात.

नेस्तोर म्हणून दुसरा वाढपी आहे, माझ्याच वयाचा, तोंडाळ. तो हृदयांची सळई घेऊन उभा होता. म्हणाला, "वा! आयत्या बिळात नागोबा!"

मला लागलं. मी म्हटलं, "मग तू का नाही घेतलीस?"

"मला विचारलं होतं की. मी म्हटलं, माझी कंबर दुखते."

"पिकान्याने कंबर दुखते?"

"हृदयांनी दुखत नाही, एवढं मला माहीत आहे," असं म्हणून तो गेला. आळशी माणसाला कारणं बरी सुचतात.

रविवार, १५ मार्च

लाज गेली आज. आठ वर्षांत जेवढे काप टेबलावर पाडले नसतील तेवढे आज एका दुपारी पाडले.

झालं असं. मी सळई डाव्या हातात धरतो, सुरी उजव्या हातात. सगळं जग तसंच धरतं. सुरी खाली येते, काप सुटतो, गिऱ्हाईक छोट्या चिमट्याने तो ओढून घेतं. पण इथे प्रत्येकाचा चिमटा उलट बाजूने येतो. म्हातारे, बायका, दहा वर्षांची पोरंसुद्धा! मी इकडे कापतोय आणि चिमटा तिकडे हवेत. पहिला काप पडला तेव्हा मी माफी मागितली. दुसरा पडला तेव्हा दाताचे डॉक्टर एर्विनो म्हणाले, "चूक तुमची नाही, आमच्या हातांना सवय झालीय." मग सातवा पडला. टेबलक्लॉथवर लाल डाग आणि सगळे माझ्याकडे बघतायत, रागाने नाही, वाट बघत असल्यासारखे.

भट्टी सांभाळणारे दोर्वालिनोकाका म्हणाले, "लाउरी डावखुरा होता. बाईंचा मुलगा. पंधरा वर्षं त्याच्याच सळईवर सगळा गाव जेवला. मागच्या जूनमध्ये धुक्यात वळणावर ट्रकखाली गेला बिचारा. तेव्हापासून गावाच्या गळ्याखाली घास उतरत नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर माणूस मेला तरी खोड गावात राहिली आहे. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. सव्वाशे माणसांचे हात बदलायचे की माझे दोन?

गुरुवार, १९ मार्च

दुपारी भट्टीमागे बसून डाव्या हाताने कापायचा सराव केला. सळईला लाल भोपळा लावला होता. पहिल्या दिवशी अंगठा कापला, काल भोपळा, आज बऱ्यापैकी पातळ काप निघाले. दोर्वालिनोकाका निखारे सारत बघत होते. म्हटलं, "काका, चाललंय ना?"

"चालेल," ते म्हणाले. "इतक्या लवकर चालेल असं वाटलं नव्हतं." आणि त्यांनी पाठ फिरवली. म्हाताऱ्यांना कौतुक करणं जिवावर येतं.

रविवार, २९ मार्च

मार्लीझ, आज तू इथे असायला हवी होतीस! एकही काप पडला नाही. सत्तर माणसं होती. चिमटे येत होते आणि काप त्यांच्यात जाऊन बसत होते. हातांना सांगावं लागत नव्हतं.

आणखी एक गंमत. डॉक्टर एर्विनोंच्या टेबलाशी गेलो आणि ते काही बोलायच्या आत मी सळई अर्धी फिरवून चरबीची जाड कड त्यांच्यापुढे धरली. त्यांचा चिमटा थांबला. म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला?" कोणी सांगायचं? बेर्नार्दी बहिणी, दोघी शाळामास्तरणी, थोरलीला करपलेलं टोक लागतं आणि धाकटीला आतलं, जवळजवळ कच्चं. मी न विचारता दिलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं काय भावुक व्हायचं मांसाच्या तुकड्यासाठी? पण खरं सांगू, छाती फुगली माझी. आठ वर्षांत हे मला जमलं नव्हतं. बहुतेक डाव्या हाताची अक्कल वेगळी असते.

शुक्रवार, १७ एप्रिल

गुड फ्रायडे. भट्टी बंद. बाईंनी वर बोलावलं, मासे आणि मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या केल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर नऊ खिळे आहेत आणि नऊ चौकोन, बाकी भिंतीपेक्षा जरा उजळ. मी विचारलं, फोटो कुठे गेले? बाई वड्या उलटत म्हणाल्या, "मेलेल्यांचे लावतात फोटो."

मी म्हटलं, "म्हणजे—"

"जेव, थंड होतंय."

जेवणानंतर शिमाराव. तुंब्यात हिरवी पूड, गरम पाणी, चांदीची नळी. पहिला तुंबा स्वतः पिऊन दुसरा त्यांनी मला दिला. कडू जहर, पण थंडीत बरं वाटलं. मग म्हणाल्या, केस फार वाढलेत, बस. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून कापले. त्यांचे हात सराईत आहेत. माझा भांग त्यांनी दुसऱ्या बाजूला पाडला. म्हटलं, बाई, माझा भांग इकडे असतो. त्या म्हणाल्या, "कपाळ खुलून दिसतं असं." आरशात पाहिलं. खरंच बरं दिसतं. तू ओळखशील ना?

शनिवार, २ मे

दर शनिवारसारखा तुझ्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात फोन लावला. तू यायला पाच मिनिटं लागली, पोट घेऊन हळू चालत असशील. लाइनवर खरखर होती. मी दोन वाक्यं बोललो. मग म्हणालीस, "तूच बोलतोयस ना?"

"मग कोण?"

"आवाज लांबून येतोय."

"घाटात आहे बाई मी, लांबूनच येणार!"

तू हसलीस आणि मला हायसं वाटलं. मग तू विचारलंस, मुलगा झाला तर ठरलंय तेच नाव ना? मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि लक्षात आलं की काय ठरलंय ते आठवत नाही. जिना चढताना आठवलं नाही, बूट काढताना आठवलं नाही. आपण पाळण्याचं लाकूड तासत होतो तेव्हा ठरवलं होतं, हे आठवतं. लाकडाचा वास आठवतो. नाव नाही. दमलोय. उद्या आठवेल.

रविवार, १० मे

मातृदिन. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. अकरा वाजल्यापासून रांग, दीडशे माणसं, मागून खुर्च्या आणाव्या लागल्या. प्रत्येक टेबलावर एक आई, तिच्यापुढे फुलं, लेक आणि सुना तिच्या ताटात वाढतायत, आणि ती "पुरे, पुरे" म्हणत लाकडी चकतीची हिरवी, 'अजून वाढा' सांगणारी बाजू वर ठेवूनच बसलेली.

दोन वाजता बाई हॉलमध्ये आल्या. निळा झगा, कानात मोती. मधल्या टेबलावर एकट्या बसल्या. लोक वळून बघायला लागले. नेस्तोर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "त्यांना मी वाढतो. तू भट्टीकडे जा. जा म्हणतो ना!"

"तुझ्या हातात हृदयं आहेत. त्यांना पिकान्या हवा," मी म्हटलं. आणि गेलो.

बाईंच्या पुढ्यात सळई टेकवली. पहिला काप त्यांच्यासाठी दुसरीकडून घ्यायचा असतो, दांड्याकडच्या टोकाला, मीठ कमी लागलेलं असतं तिथून. त्यांना रक्तदाब आहे. मी तो काढला. त्यांनी चिमटा धरला नाही. हात तसाच पुढे केला, तळवा वर. मी काप तळहातावर ठेवला. तिथल्या तिथे त्यांनी खाल्ला, डोळे मिटून. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय म्हणायचं असतं आज?"

दीडशे माणसं. एका पोराचा काटासुद्धा वाजत नव्हता. मार्लीझ, एका म्हाताऱ्या बाईचं मन राखायला एक शब्द. माझी स्वतःची आई तर मी चार वर्षांचा असतानाच गेली, कोणाला तो शब्द द्यायचा राहिला होता असंही नाही. मी म्हटलं, "शुभेच्छा, आई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर उभे राहिले. बेर्नार्दी बहिणी रडल्या. मलाही रडू आलं, उगाच का सांगू. एवढं सगळ्यांनी एकदम आपलंसं केलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नेस्तोर मात्र भिंतीशी उभा राहून हृदयांची सळई गच्च धरून होता. मत्सर वाईट.

रविवार, २४ मे

शंभराच्या वर माणसं. आता सगळे मला लाउरीच म्हणतात. पहिल्यांदा दुरुस्त करायचो. मग सव्वाशे वेळा तेच काय सांगत बसायचं, म्हणून सोडून दिलं.

नेस्तोरने आज जेवणाच्या सुट्टीत मला वहीत लिहिताना पाहिलं. म्हणाला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डाव्या हाताने लिहितोस ते."

मी हाताकडे पाहिलं. पेन्सिल डाव्या हातात होती. मागची पानं उलटून पाहिली. एप्रिलच्या शेवटापासून अक्षर दुसरीकडे कललं आहे. सरावाचा परिणाम. हाताला एक शिकवलं की तो दहा शिकतो. उजव्या हाताने लिहून बघितलं तर ओळ पहिलीतल्या पोरासारखी आली. हसलो. नेस्तोर हसला नाही.

मार्लीझ, मी येतोय. बावीस, नाही, तेवीस दिवस.

शनिवार, ६ जून

दुपारी गल्ल्यावरचा फोन वाजला. आई बाजारात गेल्या होत्या म्हणून मी घेतला. कोणीतरी बाई होती, दम लागलेला आवाज. म्हणाली, चार शनिवार झाले, फोन नाही, गेल्सन आहे का? मी म्हटलं, आत्ता इथे नाही, निरोप सांगतो. ती म्हणाली, "त्याला सांगा, डॉक्टर म्हणतायत लवकर होईल. त्याला सांगा, मी घाबरलेय." मी म्हटलं, काळजी करू नका, सांगतो.

फोन ठेवला. निरोप कोणाला सांगायचा हे डोक्यात येईना. मग दोर्वालिनोकाकांनी हाक मारली, बरगड्या उलटायच्या होत्या.

आता हे लिहिताना लक्षात येतंय. तो मी. तो निरोप मला होता! गेल्सन मी. मार्लीझ घाबरली आहे. सकाळी पहिलं काम फोन लावायचं. नंबर पहिल्या पानावर आहे.

रविवार, ७ जून

गर्दी. फोन करायचा होता कोणाला तरी.

रविवार, १४ जून

नेस्तोर काम सोडून गेला. सहा वर्षं हृदयं फिरवली आणि ऐन रविवारी, हॉल भरलेला असताना सळई भट्टीत ठेवून कपडे बदलून आला. मला मागच्या अंगणात ओढत नेलं.

"चल माझ्याबरोबर. आत्ता. बॅग राहू दे."

"हॉलमध्ये लोक आहेत, नेस्तोर."

"गेल्सन, ऐक माझं. मला विचारलं होतं तेव्हा मी दोन दिवस ती सळई धरली होती. दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बायकोला विचारलं, ही कोण पोरगी घरात? माझी स्वतःची पोरगी, तीन वर्षांची! म्हणून मी सोडली. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण कोणीतरी धरल्याशिवाय त्या म्हातारीने मला सोडलं नसतं. मला शिव्या घाल, पण चल."

त्याला ताप असावा. मी त्याच्या कपाळाला हात लावला तर तो मागे सरकला. मी म्हटलं, "मी परवा जाणारच आहे, बस ठरली आहे." त्याने विचारलं, "कोण जाणार आहे? नाव सांग. तुझं नाव सांग मला."

आईने आतून हाक मारली. मी गेलो. परत आलो तेव्हा नेस्तोर नव्हता. इतकी वर्षं सोबत काम केलेला माणूस, निरोपही नीट घेतला नाही त्याने.

मंगळवार, १६ जून

धुकं. सकाळी आईने तुंबा भरून दिला आणि म्हणाली, "आज गेल्सन जायचाय ना? त्याला बसपर्यंत सोडून ये. चांगला पोरगा होता."

बॅग घेऊन निघालो. रस्त्याच्या कडेला थांबलो. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. बसचे दिवे आले, बस थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "चढा."

मी म्हटलं, "मी नाही. मी सोडायला आलोय."

त्याने माझ्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कोणाला?"

बसमधून गरम हवा येत होती, मागे कुठेतरी एक मूल रडत होतं. माझा पाय पायरीवर गेला होता. का गेला, माहीत नाही. मग मागून, खाणावळीच्या बाजूने, निखाऱ्यावर मीठ पडल्याचा वास आला. आज बरगड्या लवकर लावल्या होत्या काकांनी. मी पाय काढून घेतला. दार लागलं. बस गेली तसा मी हात हलवला, लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत.

परत आलो तर बॅग माझ्याच हातात. गेल्सन बॅग विसरून गेला! असा कसा धांदरट. आत एक लोकरीचं छोटं टोपडं आहे आणि बायकांचे दोन रुमाल. पत्ता सापडला की पाठवून देऊ. आई म्हणाली, माळ्यावर ठेव.

रविवार, ५ जुलै

कडाक्याची थंडी. तरी जागा मिळाली नाही म्हणून लोक गाडीत बसून राहिले. आता लावायला हरकत नाही म्हणत आईने नऊ फोटो परत भिंतीवर लावले. नऊही माझेच. पहिल्या कम्युनियनचा फोटो बघून हसू आलं, मेणबत्ती डाव्या हातात धरली म्हणून पाद्रीबाबांनी कान उपटला होता.

ही वही उशीखाली मिळते. मागची पानं दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात आहेत, एका बाईला लिहिलेली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत म्हणून वाचली नाहीत.

रविवार, २६ जुलै

लिहिणार नव्हतो. पण झोप यायची नाही.

साडेबाराला एक बाई आली. शापेकोकडच्या बसने आली असणार. पातळ कोट, शालीत गुंडाळलेलं मूल, महिनाभराचं. खिडकीजवळ बसली. सॅलड घ्यायला उठली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. चकती हिरवीही केली नाही, लालही केली नाही, मुठीत धरून बसली. आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

मी पिकान्या घेऊन गेलो. म्हटलं, "काप देऊ?" तिने चिमटा उचलला नाही. म्हणाली, "गेल्सन, पुरे झालं. चल घरी."

मी म्हटलं, "बाई, माझं नाव लाउरी. गेल्सन इथे होता, तीन महिने. महिना उलटून गेला त्याला जाऊन. सोळा जूनला सकाळच्या बसने मीच सोडलं त्याला."

"सोळा जूनला," ती म्हणाली. "त्या बसच्या थांब्यावर मी सकाळपासून उभी होते. कळा सुरू झाल्या तरी उभी होते. गेल्सन, माझ्याकडे बघ ना रे."

मी बघितलं. दमलेला चेहरा, ओठ फुटलेले. तिनेही माझ्याकडे बघितलं, अगदी जवळून, केसांकडे, हनुवटीकडे, सुरी धरलेल्या हाताकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. खोलीतला दिवा कोणी बारीक करावा तसा. मग ती खुर्चीत जरा मागे सरकली आणि म्हणाली, "माफ करा. तुम्ही फार त्याच्यासारखे… माफ करा."

मला इतकं वाईट वाटलं की मी हॉलमध्ये कधी करत नाही ते केलं, सुरी टेबलावर ठेवली आणि सळई भिंतीला टेकवली. मूल जागं होतं. शाल सरकली होती, ती नीट करायला उजवा हात पुढे केला, तर त्याने माझं बोट धरलं. उजव्या हाताच्या बोटांना हल्ली मला फारसं काही कळत नाही, सळई धरण्यापुरता तो हात. पण ते बोट दुखलं. इतकं दुखलं की माझ्या तोंडून आवाज निघाला. सोडवायचा प्रयत्न केला, ते सोडेना. महिन्याभराच्या पोराच्या मुठीत एवढी ताकद कशी असते? सगळा हॉल थांबला होता. चिमटे हवेत.

आई आली. घाईत नव्हती. मुलाची मूठ तिने एकेक बोट करून उघडली, आधी करंगळी, मग पुढचं, मग त्यापुढचं. मूल रडलं नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिलं. आई मला म्हणाली, "जा राजा, चौथ्या टेबलाला चरबीची कड हवी आहे."

ती बाई उठली. दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "जाताना तो… काही बोलला का हो? यायचं होतं ना त्याला?"

मला खरंतर काही आठवत नव्हतं. पण तोंडातून आपोआप आलं. "होतं. म्हणाला, मागच्या वेळी ती एकटी होती. या वेळी मी असणार."

ती तिथेच दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही का रडताय?"

"भट्टीचा धूर," मी म्हटलं.

धुराड्याचं तोंड मागच्या बाजूला आहे. हॉलमध्ये धूर येत नाही.